मांजराला कच्चं मांस देताना वरून काय घालायचं? (कॅल्शियम, टॉरिन आणि बाकीचं)

भुरूची आई (पुणे)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतेय. थोडं लांबेल.

आमचा बोका भुरू आता सात महिन्यांचा आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडला तेव्हा जेमतेम दोन महिन्यांचा असेल. सुरुवातीला पाकिटातलं पिल्लांचं खाणं खायचा. मग मी व्हिडिओ पाहायला लागले. मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी, त्याला कोरड्या गोळ्या कशाला, असं सगळीकडे सांगत होते आणि मला ते पटलं. गेले साडेतीन महिने त्याला कच्चं चिकन देत होते. बोनलेस, ब्रेस्टचं, चरबी काढून, बारीक तुकडे करून. हाड घशात अडकेल म्हणून एक काडीसुद्धा ठेवायची नाही.

पंधरा दिवसांपूर्वी तो खिडकीच्या कट्ट्यावर उडी मारेनासा झाला. मग मागचा डावा पाय उचलून चालायला लागला, हात लावला की ओरडायचा. कुठून पडला नव्हता, कुणी मारलं नव्हतं. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाडं आजूबाजूच्या मांसाइतकीच फिकी दिसत होती आणि मांडीचं हाड ओल्या काडीसारखं दुमडून चिरलं होतं. डॉक्टर म्हणाले, नुसत्या मांसाने कॅल्शियम संपलंय, शरीराने ते हाडांतून ओढून घेतलंय.

आता पिंजऱ्यात विश्रांती, दुखणं कमी करणारं औषध आणि पुन्हा पिल्लांचं पाकिटातलं पूर्ण खाणं सुरू आहे. मला झोप लागत नाही. रोज माझ्या हाताने त्याला हे खायला घातलं.

कच्च्या मांसाचा विचार मी सोडलेला नाही, पण आता कळून-समजून करायचं आहे. त्यात वरून काय घालायचं, किती घालायचं आणि आपल्याकडे काय मिळतं, हे अनुभवी लोकांनी सांगावं.

---

पशुवैद्य नागपूर

ताई, आधी भुरूबद्दल. वाढत्या वयातली हाडं वेळेत योग्य आहार मिळाला तर चांगली भरून येतात. पिंजरा मात्र डॉक्टर सांगतील तितके दिवस पाळा, तो रडला तरी. या काळातली एक उडी पुन्हा हाड मोडते. शी घट्ट होतेय का, कुंथतोय का, यावरही लक्ष ठेवा. अशा पिल्लांचं कमरेचं हाड वाकून आतली वाट अरुंद होऊ शकते.

आता कारण. हाड नसलेल्या मांसात फॉस्फरस भरपूर असतो आणि कॅल्शियम जवळजवळ नसतंच. १०० ग्रॅम चिकन ब्रेस्टमध्ये फॉस्फरस साधारण २०० मिलिग्रॅम, कॅल्शियम दहाच्या आसपास. मांजराला दोन्ही जवळपास सारखं लागतं, कॅल्शियम किंचित जास्त. रक्तातलं कॅल्शियम ठरावीक पातळीवर राहिलं नाही तर हृदय आणि स्नायू चालत नाहीत, म्हणून गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून ते काढून रक्तात सोडतात. मोठं मांजर हे बरेच महिने निभावून नेतं, वाढतं पिल्लू नेऊ शकत नाही. माझ्याकडे अशी पिल्लं येतात ती बहुतेक लाडाच्या घरांतूनच. उकिरड्यावरच्या पिल्लाला हे सहसा होत नाही, कारण त्याला कोंबडीची मान, पंखाचं टोक, पाल, उंदीर काहीतरी अख्खं मिळत असतं.

हे फक्त कच्च्या मांसाचं नाही. आपल्याकडे हजारो घरांत मांजराला बिनमिठाचं उकडलेलं बोनलेस चिकन आणि भात घालतात. तिथेही हेच होतं, भातामुळे जरा वेगळ्या गतीने.

---

आजोळ सांगली

माझ्या आजीकडे कायम चार-पाच मांजरं असायची. दूध-भाकरी आणि अधूनमधून माशाचं डोकं, यापलीकडे कुणी काही घातलं नाही. कुठलीही पावडर नाही, गोळी नाही. सगळी धडधाकट, बारा-बारा वर्षं जगलेली. मग आताच्याच मांजरांना हे सगळं का लागतं, हा प्रश्न मी मनापासून विचारतोय.

आणि कॅल्शियमच हवं असेल तर गव्हाच्या दाण्याएवढा खाण्याचा चुना दह्यात कालवून देतात, आमच्याकडे बाळंतिणीलाही देतात. तो मांजराला चालेल का?

---

पशुवैद्य नागपूर

चुना अजिबात नको. तो दाहक असतो. मांजराच्या जिभेला, घशाला भाजतं. ते दाण्याएवढं मोजण्यातली चूक माणूस सोसतो, तीन किलोचं जनावर सोसत नाही.

आजीच्या मांजरांचं सांगतो. घरात कणगी असायची, माळ्यावर उंदीर असायचे. दूध-भाकरी हा वरखर्च, खरं जेवण रात्री व्हायचं. उंदीर म्हणजे हाडं, रक्त, यकृत, हृदय, मेंदू, डोळे, केस, पोटातलं धान्य, सगळं एका घासात. ब्रेस्टचा तुकडा म्हणजे त्या उंदराचा फक्त दंड. जे जे वगळलं ते ते आपल्याला बाहेरून भरावं लागतं. फ्लॅटमधलं मांजर शिकारीला जाऊन ती कसर काढू शकत नाही.

---

हडसनकाठ (न्यू जर्सी)

माझ्याकडे दोन मांजरं पाच वर्षं घरी बनवलेल्या मांसावर आहेत. इथे पुरवणी पावडरी तयार मिळतात. बोनलेस मांसासाठी वेगळी आणि हाडासकट दळलेल्या मांसासाठी वेगळी. बोनलेसवाली चुकून हाडासकट मांसात गेली तर कॅल्शियम दुप्पट होतं, म्हणून डब्यावरचं आधी नीट वाचायचं. अमुक किलो मांसाला अमुक ग्रॅम आणि इतकं पाणी, असं लिहिलेलं असतं. मी ते अक्षरशः पाळते, अंदाजपंचे काही नाही.

भारतात असते तर टॉरिनपासून सुरुवात केली असती. टॉरिन म्हणजे मांसातून मिळणारं एक अमिनो आम्ल. हे नाव टॉरस म्हणजे बैल या लॅटिन शब्दावरून आलंय, १८२७ साली ते बैलाच्या पित्तात पहिल्यांदा सापडलं. कुत्रा आणि माणूस ते स्वतःच्या शरीरात पुरेसं बनवतात, मांजराला तितकं जमत नाही. शिवाय पित्तासाठी ते रोज खर्च होतं. कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा झिजतो, हे १९७५ मध्ये कळलं. हृदय ढिलं पडून फुगतं, हे १९८७ मध्ये डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लोकांनी दाखवलं. त्यातली कित्येक मांजरं चांगल्या पाकिटातलं खाणं खाणारी होती. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिनचं प्रमाण वाढवलं.

चिकन ब्रेस्टमध्ये टॉरिन कमी असतं, मांडीच्या गडद मांसात बरंच जास्त. आणि काळजात तर भरपूर. तेव्हा भुरूची आई, पुढे कधी सुरू केलंत तर ब्रेस्टऐवजी मांडी घ्या आणि रोज थोडं काळीज घाला.

---

भुरूची आई (पुणे)

हडसनकाठ ताई, खूप आभार. हे मला अगदी सोपं आहे. आमच्या चिकनवाल्याकडे कलेजी-पेठा रोज ताजा असतो. आजच पाव किलो कलेजी आणून ठेवली. डॉक्टरांनी पाकिटातलं खाणं सांगितलंय, पण वरून रोज दोन-दोन तुकडे घातले तर लवकर ताकद येईल ना?

---

उपवन ठाणे

ताई, थांबा! आधी हे वाचा आणि ती कलेजी घरातल्या माणसांना करून घाला.

हडसनकाठ यांना हृदय म्हणायचं आहे. त्यांनी लिहिलं काळीज, आणि आपण बाजारात ऐकतो कलेजी, म्हणजे यकृत. कवितेत आपण काळीज म्हणतो तेव्हा हृदयाबद्दलच बोलत असतो, मटणाच्या दुकानात त्याच शब्दाला यकृत मिळतं. या एका शब्दाने माझ्या नानी नावाच्या मांजरीचं आयुष्य बिघडलं, म्हणून इतकं पोटतिडकीने लिहितेय.

नानी दुसरं काही खायची नाही. मला कुणीतरी सांगितलं की काळजाने ताकद येते, आणि मी चार वर्षं तिला रोज कलेजी घातली. भरपूर, तिचं पोट भरेपर्यंत. ती सहा वर्षांची असताना लक्षात आलं की ती मान वळवून पाठ चाटत नाही. पाठीवरचे केस गुठळले होते. हाक मारली की सगळं अंग वळवून बघायची. एक्स-रेमध्ये मानेचे मणके एकमेकांना जुळून एकच दांडा झालेला दिसला. अ जीवनसत्त्व जास्त झालं की असं होतं. कलेजी बंद केल्यावर दुखणं कमी झालं, पण जुळलेले मणके काही सुटले नाहीत. आता ती नऊ वर्षांची आहे. तिची वाटी मी एका उलट्या पातेल्यावर ठेवते, म्हणजे तिला मान खाली घालावी लागत नाही. पाठ मी रोज ओल्या फडक्याने पुसते.

---

हडसनकाठ (न्यू जर्सी)

चूक माझी आहे. मला हृदयच म्हणायचं होतं, चिकनचं हार्ट. बारा वर्षं इथे राहून दुकानातला अर्थ डोक्यातून गेला होता. उपवन, वेळेवर लिहिलंत. भुरूची आई, तुम्ही अजून दिली नसेल अशी आशा करते.

---

भुरूची आई (पुणे)

नाही दिली. हात थरथरले वाचून. नानीला माझ्याकडून एक हात फिरवा.

---

पशुवैद्य नागपूर

उपवन यांनी लिहिलं ते प्रत्येक मांजरवाल्याने वाचावं.

यकृत पूर्ण बंदही करायचं नसतं, ही यातली अडचण आहे. माणूस गाजरातल्या रंगद्रव्यापासून अ जीवनसत्त्व बनवतो, मांजराला ते येत नाही. त्याला ते तयार स्वरूपातच हवं आणि ते यकृतात असतं. म्हणून एक किलो मिश्रणात ५० ग्रॅमच्या आत यकृत, रोज त्याच प्रमाणात. वर कॉडलिव्हर तेल घालू नका, त्यातही अ आणि ड असतात, दोन्हीकडून भरती होते. ओमेगा-३ साठी तेल हवं असेल तर माशाच्या अंगाचं तेल घ्या, यकृताचं नको.

भुरू पूर्ण आहारावर आहे तोवर मात्र वरून काहीच नको. पूर्ण आहारात सगळं मोजून घातलेलं असतं, त्यावर आपण टाकलेला प्रत्येक चमचा तो हिशोब मोडतो.

---

चिंचवडकर

कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागतं ना? घरोघरी असते ती डी३ ची ६०,००० युनिटची पुडी, त्यातली चिमूटभर देता येईल का? आणि गच्चीवर उन्हात बसवलं तर?

---

पशुवैद्य नागपूर

पुडी मांजराच्या आसपाससुद्धा ठेवू नका. मोठ्या मांजराची दिवसाची गरज वीसेक युनिटच्या आतबाहेर असते. त्या एका पुडीत कित्येक वर्षांचं ड आहे. जास्त झालं की रक्तात कॅल्शियम चढतं आणि मूत्रपिंडात जाऊन बसतं. चिमूट कोण मोजणार? माणसांच्या कॅल्शियमच्या गोळ्यांतही बहुधा डी३ असतं, म्हणून त्याही नकोत.

ऊन मांजराला आवडतं, पण आपल्यासारखं त्वचेतून पुरेसं ड त्याला बनवता येत नाही. तेही खाण्यातूनच यावं लागतं.

---

मिरकरवाडा

रत्नागिरीहून. आमच्याकडे मांस कोण देतो, मासळीच. शेजारच्या काकींकडे बंदरावरची सहा-सात मांजरं जेवायला येत. एक भाटी त्यांनी घरात ठेवली होती, तिला बाहेर सोडत नसत आणि रोज कच्ची बारीक मासळीच घालत. पहिले दोन महिने छान गुबगुबीत दिसत होती. मग तिची मान खाली गळायला लागली, हनुवटी छातीला टेकायची. चालताना झोकांड्या. एका रात्री झटके आले. बी१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिल्यावर दोन दिवसांत मान वर उचलली, आम्ही सगळे बघत होतो.

डॉक्टरांनी सांगितलं की काही माशांच्या कच्च्या मांसात बी१ मोडून टाकणारं द्रव्य असतं, ते शिजवल्यावर निकामी होतं. आता काकी मासळी पाण्यात उकडतात, मीठ-मसाला काही नाही, काटे काढतात आणि आठवड्यातून दोनदाच देतात.

बंदरावर येणाऱ्या मांजरांना तीच कच्ची मासळी खाऊन काही झालं नाही, कारण ती दिवसभर इतरही काहीबाही खात असतात.

---

एक वाचक

कच्च्याचे समर्थक पॉटेंजर यांच्या प्रयोगाचा दाखला देतात. १९३२ ते १९४२ कॅलिफोर्नियात, शिजवलेलं मांस खाणाऱ्या मांजरांच्या पिढ्या दुबळ्या झाल्या आणि कच्चं खाणाऱ्या सशक्त राहिल्या. त्याला काय म्हणायचं?

---

पशुवैद्य नागपूर

ते निरीक्षण टाकाऊ नाही, अर्थ वेगळा लागतो. मांजराला टॉरिन बाहेरून लागतं हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. शिजवताना टॉरिन पाण्यात उतरतं आणि पाणी फेकलं की तेही जातं. म्हणजे त्या मांजरांना बहुधा टॉरिन कमी पडलं. आज आपण ते वजन करून घालू शकतो, तेव्हा शिजवण्याची भीती बाळगायचं कारण नाही.

आणि शिजवा असंच माझं सांगणं आहे. नागपूरकर म्हणून हे जरा जास्तच जवळून बघितलंय. डिसेंबर २०२४ मध्ये इथल्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेच्या तपासणीत बर्ड फ्लू निघाला, एच५एन१. काही आठवड्यांत शेजारच्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांमध्ये तोच सापडला. त्याच डिसेंबरमध्ये अमेरिकेत ओरेगन राज्यात घराबाहेर न जाणारं एक मांजर गोठवलेलं कच्चं टर्कीचं खाणं खाऊन मेलं, आणि खाण्यातला विषाणू मांजरातल्या विषाणूशी जुळला. फ्रीझरमध्ये हा विषाणू मरत नाही. आतपर्यंत शिजवल्यावर मरतो. साल्मोनेला या जंतूचंही तसंच, आणि तो तर ताट-ओट्यावरून घरातल्या लहान मुलांपर्यंत पोचतो. घरात गर्भवती बाई, तान्हं मूल किंवा केमो चालू असलेलं माणूस असेल तर कच्चं मांस मांजराच्या वाटीत नकोच.

शिजवताना थोडक्या पाण्यात, झाकण ठेवून, आणि सुटलेलं पाणी गार करून त्याच वाटीत. हाडासकट कधीच शिजवू नका, शिजलेलं हाड टोकदार फुटतं. माणसांसाठीचा रस्सा तर मुळीच नको, कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात.

---

भुरूची आई (पुणे)

डॉक्टर, मग शिजवलेल्या मांसात काय काय आणि किती, हे एकदा सलग लिहाल का? मी कागदावर उतरवून फ्रिजवर लावणार आहे. भुरू वर्षाचा होईपर्यंत काहीही बदलणार नाही, वचन.

---

पशुवैद्य नागपूर

लिहितो, पण हा अर्धाच कागद आहे हे आधी वरती लिहा. का ते खाली सांगतो.

एक किलो कच्चं वजन धरू. साधारण ८०० ग्रॅम चिकनच्या मांडीचं बोनलेस, थोडी चरबी-कातडी तशीच ठेवून. मांजराला लागणारी काही मेदाम्लं प्राण्यांच्या चरबीतच असतात, ती तेलबियांतून मिळत नाहीत. १५० ग्रॅम हृदय. दुकानात हार्ट म्हणून मागा आणि डोळ्यांनी बघून घ्या. ५० ग्रॅमच्या आत कलेजी.

कॅल्शियमसाठी अंड्याची टरफलं. धुऊन, उकळून, वाळवून मिक्सरमध्ये दळा आणि वस्त्रगाळ करा. कणी राहिली तर पोटाला टोचते. या पुडीत वजनाच्या ३८ ते ४० टक्के कॅल्शियम असतं आणि फॉस्फरस नगण्य, म्हणून बोनलेस मांसाला ती शोभते. किलोला साडेपाच ग्रॅम. सपाट चहाचा चमचा त्याच्या जवळपास भरतो, पण चमच्यावर जाऊ नका. दागिने तोलतात तसा छोटा काटा ऑनलाइन मिळतो, तो घ्या. खरं हाड दळून घालत असाल तर टरफल नको, दोन्ही मिळून अति होतं. म्हाताऱ्या, मूत्रपिंड कमजोर झालेल्या मांजराला हाडाची पूड देऊ नका, तिच्यात फॉस्फरसही असतो.

टॉरिन किलोला २ ग्रॅम. व्यायाम करणाऱ्यांसाठी विकतात ती निव्वळ पावडर चालते, चव किंवा गोडवा घातलेली चालत नाही. एनर्जी ड्रिंकमध्ये टॉरिन असतं म्हणून ते पाजणारे भेटलेत मला. त्यात कॅफिन असतं, कृपा करून असं करू नका. टॉरिन थोडं जास्त झालं तर लघवीवाटे निघून जातं, म्हणून मांस ताजं असो, शिजलेलं असो, ते घालाच. मिश्रण कोमट झाल्यावर घाला.

हृदय आणि कलेजी आहे म्हणून टॉरिन नको, असं समजू नका. खिमा करून, गोठवून, वितळवून किती उरलं हे घरी मोजता येत नाही.

आता उरलेला अर्धा कागद. आयोडीन, मँगनीज, जस्त, ई, बी१. मांसात आयोडीन आणि मँगनीज फारच कमी असतं. माशाचं तेल घातलं की ई जीवनसत्त्वाची गरज वाढते, नाहीतर अंगातली चरबी सुजून दुखायला लागते. या गोष्टी स्वयंपाकघरातून येत नाहीत आणि समुद्री शेवाळाची पूड अंदाजाने घातली तर आयोडीन कमीऐवजी जास्त होऊन थायरॉइड बिघडतो. त्यासाठी तयार प्रीमिक्स, म्हणजे मोजून मिसळलेली पुरवणी पावडर घ्या, किंवा आहारशास्त्र जाणणाऱ्या पशुवैद्याकडून वजनानुसार पाककृती लिहून घ्या. प्रीमिक्स घेतलंत तर त्यात कॅल्शियम, टॉरिन, अ आहेत का ते वाचा आणि जे आहे ते माझ्या कागदावरून खोडा. हा अर्धा कागद एकटा दोन-चार दिवस चालेल, रोजचा आहार म्हणून चालणार नाही.

चार किलोच्या मोठ्या मांजराला दिवसाला १२० ते १५० ग्रॅम पुरतं. बदल दोन-तीन आठवड्यांत हळूहळू करा. खात नाही म्हणून उपाशी ठेवून वळवायचा प्रयत्न नको. मांजर दोन दिवस जेवलं नाही तर यकृतात चरबी साचायला लागते, विशेषतः गुबगुबीत मांजरात.

---

आजोळ सांगली

डॉक्टर, माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. आमच्या आताच्या मांजरीला मी उकडलेलं ब्रेस्ट आणि भातच देत होतो, तीन वर्षांची आहे, बाहेर जात नाही. उद्या हृदयाची आणि डोळ्यांची तपासणी करून घेतो. टरफलं साठवायला आजपासून सुरुवात.

---

उपवन ठाणे

माझी विनंती आहे की धाग्याच्या वरच्या भागात कुणीतरी 'काळीज = हृदय की कलेजी?' हे ठळक लिहावं. शोधून येणारा माणूस पहिले दोन प्रतिसाद वाचून निघून जातो.

---

भुरूची आई (पुणे)

सहा आठवड्यांनी लिहितेय.

परवा पुन्हा एक्स-रे झाला. हाडं आता पांढरी, वेगळी उठून दिसतात. चिरलेल्या जागी गाठ धरलीय. पाय किंचित वाकडा राहील असं डॉक्टर म्हणाले. वजन ३ किलो ४०० ग्रॅम. पाकिटातलंच खातोय, वरून काही नाही. छोटा काटा आणलाय, टरफलांची बरणी भरतेय, पण वर्ष पूर्ण होईपर्यंत दोन्ही फडताळात.

पिंजऱ्यातून आता दिवसाला दोन तास खोलीत फिरायची परवानगी आहे. काल संध्याकाळी खिडकीखाली गेला, कट्ट्याकडे बघत मागचे पाय गोळा केले, शेपटीचं टोक हललं. मी धावत जाऊन उचलला आणि वर नेऊन ठेवला. अंधार पडेपर्यंत तिथे बसून खालची कबुतरं बघत होता.